मधली काडी

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या पेन्शन कार्यालयात टोकनचा नंबर दाखवणारा एलसीडी पडदा आहे. त्यावरचा प्रत्येक आकडा सात काड्यांचा बनतो. चार नोव्हेंबरला त्यातली मधली काडी फिकी पडल्याची लेखी तक्रार आली. बाकीचे आकडे लंगडत का होईना ओळखू येत होते, आठाचं मात्र सरळ शून्य होत होतं. अठरा नंबरचा माणूस पडद्यावर दहा बघून बसून राही, आणि मिनिटभरात उठला नाही म्हणून आम्ही त्याची गैरहजेरी मांडत असू. आता यात आमचं काय चुकलं?

एरवी चालूनही गेलं असतं. पण नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शनरने तीस तारखेपर्यंत आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. न केल्यास आमचं कार्यालय त्याला दिवंगत समजतं. माझे सासरे अण्णासाहेब, वय ब्याऐंशी, राहणार द्वारका. फोनवरचं अ‍ॅप त्यांचा चेहरा ओळखायला तयार नाही, म्हणून ते आमच्याच खिडकीवर येणार होते. "अहो, बाबांना सरळ आत घ्या की," सुमित्रा म्हणाली. मी बाणेदारपणे नकार दिला. वशिला लावणं माझ्या दर्जाच्या कर्मचाऱ्याला शोभत नाही. त्यासाठी निदान उपसंचालक असावं लागतं.

कंत्राटी इंजिनिअर हेरंबने पडद्यामागचा डबा उघडला. पोरगा दिल्लीतच वाढलेला.

"काका, काही खास नाहीये यार. चिप या काड्यांना पाळीपाळीने वीज देते. मधल्या काडीची पाळी आली की प्रोग्राम तिला अर्ध्यात सोडून घड्याळ दाखवायला पळतो. सगळ्यांना सारखा टाइम दिला की झालं. दोन ओळी बदलायच्या, पाच मिनिटं."

सगळ्यांना सारखा वेळ! हा धोरणात्मक प्रश्न होता. मी फाइल उपसंचालक मीनाक्षी मॅडमकडे पाठवली.

मॅडमनी वरच्या मजल्यावरच्या केबिनच्या काचेतून पाहिलं. "हमें तो बिल्कुल ठीक दिख रहा है।"

"मॅडम, एलसीडी है," हेरंब म्हणाला. "ऊपर से देखो तो साफ दिखता है। नीचे बेंच पर बैठकर देखिए।"

मॅडमना बाकावर बसायला सांगणारा हा कार्यालयाच्या इतिहासातला पहिला माणूस. त्याला ताबडतोब पडद्यापासून दूर ठेवण्यात आलं आणि त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. समितीने केबिनमधूनच, समोशांसह, पाहणी केली. सातही काड्या समान आढळल्या. तरीही तक्रार निकाली काढणं भाग होतं, म्हणून न्यायाच्या दृष्टीने उरलेल्या सहा काड्याही फिक्या करून पाहिल्या. त्या दिवशी पडदाच दिसेना, पण आठाबद्दल एकही तक्रार आली नाही. हा उपाय यशस्वी म्हणून नोंदवला गेला. गर्दी फार झाल्यामुळे तो मागे घ्यावा लागला इतकंच.

शेवटी जनमत घेतलं. "पडदा नीट दिसतो का?" शंभरातल्या एक्याऐंशी जणांनी 'हो'वर खूण केली. एकोणीस जणांनी 'नाही' म्हटलं. त्या सगळ्यांच्या टोकनात आठ होता, म्हणजे ते पूर्वग्रहदूषित होते. वर परिपत्रक निघालं: नंबर केवळ पडद्यावरच पुकारावा, तोंडी हाक मारू नये.

तीस तारखेला अण्णासाहेब इस्त्रीचा कोट घालून आले. टोकन अठ्ठेचाळीस. पडद्यावर सेहेचाळीस झाला, सत्तेचाळीस झाला, आणि मग चाळीस आला.

"चालीस? उलटा कैसे चलने लगा?" त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं.

"सरकारी दफ्तर है, अंकलजी. पीछे भी जा सकता है।"

अण्णासाहेबांना ते पटलं. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीच केली होती.

मी खिडकीच्या आत, ते दहा हातांवर. त्यांनी मला पाहून हात हलवला, मीही हलवला. मिनिटभर थांबलो. जीव तीळतीळ तुटत होता हो! मग एकोणपन्नासचं बटण दाबलं. पाच वाजता खिडकी बंद झाली आणि अण्णासाहेब कार्यालयीन दृष्ट्या दिवंगत झाले.

आता ते आमच्याच घरी बसून स्वतःच्या हयातीचं अपील लिहितात. सुमित्रा माझ्याशी बोलत नाही. "समोर होतात ना? तोंडातून शब्द फुटला नाही?" एवढंच शेवटचं बोलली.

तुम्हीही नाक मुरडताय, दिसतंय मला. पण त्या दिवशी हॉलमध्ये साठ माणसं होती, आणि सत्तेचाळीसनंतर चाळीस येताना सगळ्यांनी पाहिलं होतं. एक जण उठला नाही. असो. तुमचं टोकन बघू? त्रेपन्न. मग तुम्हाला कसली काळजी? बसा निवांत, पडदा अगदी ठीक आहे.