घागरींची रांग आणि यंत्राचं शून्य

गुलाबचं यंत्र वस्तीवर आल्यापासून जे शिट्टी मारायला लागलं ते थांबेचना. परंड्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुलाबनं जमिनीखालचा धातू हुडकणारं हे यंत्र स्वतः जोडून सोनारीजवळ, बानूबाई मावशीच्या वस्तीवर, मोठ्या ऐटीत आणलं होतं. सोसायटीच्या पाइपलाइनीचा बंद व्हॉल्व्ह रस्त्याच्या मुरुमाखाली गडप झाला होता. त्याचं लोखंडी झाकण सापडलं तरच त्या दुष्काळात वस्तीला पाणी मिळणार होतं.

शिट्टी झाली तिथं गड्यांनी खणलं. मुरूम निघाला. दुसऱ्या खड्ड्यातही मुरूमच. गुलाबला घाम फुटला. यंत्रातला बारीक इशारा मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला अधिक आणि उणे असे दोन्ही वीजपुरवठे सारखे लागतात. एखादी बॅटरी उतरली असेल म्हणून त्यानं दोन्ही बदलल्या. तरी शिट्टी चालूच. शेवटी शून्य जुळवायचा, ऑफसेटचा बारीक स्क्रू फिरवून त्यानं यंत्र शून्यावर आणलं. मग ते असं गप्प बसलं की टिकावावर धरलं तरी हूं की चूं करेना.

बानूबाई मघापासून बघत होत्या. "गुलाब, ह्ये आमच्या घागरींवर तर वरडत न्हाय?"

गुलाबनं मागं पाहिलं. पाणी येणार म्हणून बायांनी सकाळीच तांब्यापितळेच्या घागरी रस्त्याकडेला रांगेत लावल्या होत्या, आणि हा शहाणा त्यांना खेटून बसून, त्यांच्याच धातूला शून्य धरून यंत्र लावत होता. त्यानं घागरी हलवायला सांगितलं, पण नंबर जाईल म्हणून एकही बाई तयार होईना. सरुबाई तर आपल्या घागरीला मिठी मारून बसल्या.

"नंबर घागरीचा न्हाय, जागंचा हाय," म्हणत बानूबाईंनी आपली घागर उचलली आणि तिथं धोंडा ठेवला. मग एकेकीनं तेच केलं. घागरी लांब बांधावर गेल्या, रांगेत धोंडे बसले.

गुलाबनं नव्यानं शून्य लावलं. चार पावलांवर यंत्र किंचाळलं. हातभर खणताच झाकण लागलं, व्हॉल्व्ह फिरला आणि वस्तीच्या नळाला पाणी आलं. सरुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मावशीनं आपली लाज राखली, हे गुलाबनं मनोमन मानलं.

पहिला तांब्या बानूबाईंनी भरला. दारी आलेल्याच्या पायांवर पाणी घालायची त्यांची रीत तीन महिने बंद पडली होती. गुलाबनं ओळखून चपला काढल्या. मावशी मात्र त्याला वळसा घालून पुढं गेल्या.

"लई उपकार झालं बाबा तुजं," असं म्हणून त्यांनी यंत्रावर धार धरली.

यंत्रानं एक लांब शिट्टी मारली आणि ते कायमचं गप्प झालं. गुलाबला हसावं की रडावं कळेना. पण दुष्काळात कुणी एवढं पाणी असं ओतत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो मावशीच्या पाया पडला आणि तांब्यात उरलेलं घोटभर पाणी मागून प्यायला.