अप्पांच्या गाडीची गळती

पायपुसण्यावर काळा, चिकट ठसा उमटलेला पाहून बाबूच्या बायकोनं विचारलं, "हे कोणी आणलं घरात?"

"रस्त्यावर डांबर टाकताहेत," वर्तमानपत्रामागून अप्पा म्हणाले.

"हो, मीही पाहिलं," बाबू म्हणाला.

त्या रस्त्याला कित्येक वर्षांत डांबर दिसलं नव्हतं. बायकोनं आधी सासऱ्यांकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. बापलेकांचं इतक्या चटकन एकमत झालेलं ती लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होती. तिला ते लक्षण काही बरं वाटलं नाही. तिनं पायपुसणं साबणाच्या पाण्यात भिजत घातलं.

ठसा इंजिन ऑइलचा होता. अप्पांची गाडी गळत होती. गळती फार नव्हती, सर्दी झालेल्या माणसाच्या नाकासारखी, थेंब थेंब. पण अप्पांनी उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधण्यात घालवली होती आणि आपल्याच घराखाली आपलीच गाडी गळते, हे त्यांना कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शिवाय बाबूची आई गेल्यापासून घरात गाडी हीच एक गोष्ट उरली होती, जिच्याकडे अप्पा आपणहून जात. एरवी त्यांचं बोलणं "हो", "नको" आणि "बघू" एवढ्यावर आलं होतं. रविवारी सकाळी ते गाडीत जाऊन बसत. गाडी सुरू करत नसत. काच अर्धी खाली करून नुसते बसत आणि शेजारची सीट रिकामी ठेवत. त्या सीटवर ते चष्म्याचं घरसुद्धा ठेवत नसत.

बाबूची ताई दूर राहत होती आणि दर फोनला एकच सांगत होती. "ती गाडी विकून टाक. अप्पांचं वय झालंय, गाडीचंही झालंय. एकदा काहीतरी बिघडू दे, मी स्वतः येऊन गिऱ्हाईक आणते."

ताई बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. त्यामुळे बाबूला पार्किंगमध्ये पहिला डाग दिसला तेव्हा त्यानं तो गुपचूप पुसला. ऑइलचा डबा आणून डिकीत स्टेपनीच्या मागे लपवला. रोज संध्याकाळी दुकानातून आला की तो बॉनेट उघडून थोडं ऑइल ओतायचा आणि वर घरात यायचा. बाबूचं चष्म्यांचं दुकान होतं. इंजिनाबद्दल त्याला इतकंच ठाऊक होतं की जेवढं गळतं तेवढं भरलं पाहिजे.

अप्पांनाही हे गुपचूपच निस्तरायचं होतं. बाबूला कळलं तर तो ताईला सांगणार, आणि ताई गिऱ्हाईक आणणार. म्हणून तेही पहाटे फिरायला जातो असं सांगून खाली उतरत, डाग पुसत आणि ऑइल ओतत. त्यांचा डबा डिकीतल्या सतरंजीखाली होता. ऑइल किती आहे हे पाहायची पट्टी ते ओढून बघत, पण मोतीबिंदूमुळे तिच्यावरची खूण त्यांना दिसत नसे. चष्मेवाल्याच्या बापाला दिसत नाही, हे चष्मेवाल्याला सांगायची त्यांची तयारी नव्हती. पट्टी चकाकते आहे ना, एवढं पाहून ते ती परत खोचत.

इंजिनात ऑइल जास्त झालं की ते वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. त्यामुळे डाग मोठा होऊ लागला. डाग मोठा दिसला म्हणून दोघंही जास्त ओतू लागले. महिनाभर हे चाललं होतं. गाडीच्या त्या आजाराला असा खुराक मिळाला की तो अंगी लागला.

अशातच वॉल्व्हसाहेब गेल्याचा फोन आला.

वॉल्व्हसाहेब म्हणजे अप्पांच्या खात्यातले त्यांचे जोडीदार. कुठल्या गल्लीत कुठला वॉल्व्ह पुरलाय हे त्यांना पाठ होतं, म्हणून हे नाव पडलं. दोन्ही कुटुंबं एकेकाळी शेजारी राहत होती. अप्पांनी फोन खाली ठेवला, बराच वेळ खिडकीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनींना भेटून यायला हवं. आपल्या गाडीनं जाऊ."

"बसनं गेलं तर?" बाबू म्हणाला.

"आपल्या गाडीनं."

एवढं लांब जायचं म्हणून बाबूनं रात्री जेवणाआधी खाली जाऊन नेहमीपेक्षा जास्त ऑइल ओतलं. अप्पांनीही सकाळी, तोच विचार करून, नेहमीपेक्षा जास्त ओतलं.

निघाल्यावर निम्मा रस्ता बरा गेला. मग मागच्या सीटवरून बाबूची बायको म्हणाली, "अहो, मागचा ट्रक दिसत नाहीये."

"गेला असेल वळून."

"ट्रकच काय, रस्ताही दिसत नाहीये."

बाबूनं आरशात पाहिलं. मागे निळसर पांढरा धूर होता आणि त्यातून हॉर्नचे आवाज येत होते. त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा समोर पाहत होते. "हवा दमट आहे," ते म्हणाले.

वॉल्व्हसाहेबांच्या अंगणात भेटायला आलेली माणसं खुर्च्या टाकून गप्प बसली होती. अंगणाला नवी पांढरी फरशी होती. फाटकातून आत येताना बाबूला गाडी थांबवायची होती, पण ती आचके देत खुर्च्यांच्या अगदी जवळ जाऊन थांबली, आणि बंद पडण्याआधी तिनं पोटातला उरलासुरला सगळा धूर अंगणात सोडला.

माणसं खोकू लागली. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. नेमका त्याच वेळी वॉल्व्हसाहेबांचा एक दूरचा चुलतभाऊ फाटकातून आत आला. एवढी माणसं पदर आणि रुमाल डोळ्यांना लावून बसलेली पाहून तो जागच्या जागी थांबला. "दादानं माणसं जोडली होती," असं म्हणून तोही रडू लागला.

धूर विरला तेव्हा गाडीखालून एक काळा ओघळ निघाला होता आणि पांढऱ्या फरशीवरून सावकाश पायरीकडे चालला होता. गळती शोधण्यात केस पांढरे झालेले अप्पा त्या ओघळाकडे मान खाली घालून पाहत उभे राहिले.

"फडकं आणते," म्हणत बाबूच्या बायकोनं डिकी उघडली. सतरंजी उचलली तर खाली डबा. स्टेपनीच्या मागे हात घातला तर दुसरा. दोन्ही डबे एकेका हातात धरून ती पुढे आली.

"हे दोन का आहेत?"

"एक माझा," बाबू म्हणाला.

"एक माझा," अप्पा म्हणाले.

तिनं दोन्ही डबे हलवून पाहिले. "रोज?" मग तिनं विचारलं.

"संध्याकाळी," बाबू म्हणाला.

"पहाटे," अप्पा म्हणाले. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तू ताईला सांगितलंस?"

"तिला कळू नये, तुम्हाला घोर लागू नये म्हणून तर ओतत होतो. तिला कशाला सांगू?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यानं काही फरक पडला नाही, पण त्यांना तोंड लपवायला तेवढा वेळ हवा होता.

बापलेक गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागले. जितकं पुसत होते तितका डाग पसरत होता. तेवढ्यात दारात वॉल्व्हसाहेबांच्या पत्नी येऊन उभ्या राहिल्या. साहेब गेल्याच्या दिवसापासून त्या धड जेवल्याही नव्हत्या आणि कोणाशी बोलल्याही नव्हत्या, असं बाबूच्या कानावर आलं होतं.

"वहिनी, माफ करा," अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "नव्या फरशीचं वाटोळं केलं."

वहिनी डागाकडे बघत राहिल्या. "भाऊजी, ही फरशी यांनी हट्टानं घातली. मी म्हटलं होतं, पांढरी नको. मग घालून झाल्यावर कोणाला चपलेनं वर येऊ देत नव्हते. मलासुद्धा नाही." त्या एक पायरी खाली उतरल्या. "पहिला डाग पडला की माणूस सुटतो, असं मी त्यांना म्हणत होते."

मग त्या हसल्या. हसता हसता रडल्या, आणि या खेपेला धूर नव्हता.

मेकॅनिक आला. त्यानं पट्टी ओढून पाहिली, पुसली, पुन्हा ओढून पाहिली. "इंजिनात ऑइल आहे की ऑइलात इंजिन?" त्यानं विचारलं. ऑइल अडवून धरणारं खालचं गॅस्केट गेलेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. तोवर गाडी हलणार नव्हती, म्हणून तिघांना तिथेच राहावं लागलं. त्या संध्याकाळी अप्पा आणि वहिनी ओट्यावर बसून बोलत होते. वॉल्व्हसाहेबांबद्दल बोलले, जुन्या घराबद्दल बोलले आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, अप्पा बाबूच्या आईबद्दल बोलले. तिला गाडीत पुढे बसून वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचायची सवय होती, हे बाबूला माहीत होतं. ती चुकीच्या वाचायची आणि अप्पा कधीच दुरुस्त करायचे नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो आतल्या खोलीत दिवा न लावता ऐकत बसला.

गॅस्केट बदललं. गळती थांबली. ताईला कोणी काही सांगितलं नाही.

पुढे काही दिवसांनी अप्पाच म्हणाले, "वहिनींकडे एकदा जाऊन येऊ." या वेळी गाडी शहाण्यासारखी गेली. अंगणात एक थेंब पडला नाही. जुना डाग फिकट झाला होता आणि त्यावर वहिनींनी तुळशीची नाही, साधी कोरफडीची कुंडी ठेवली होती. जेवणं झाली, गप्पा झाल्या, ऊन उतरलं. बाबूनं किल्ली हातात घेतली. वहिनी दारापर्यंत आल्या आणि त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं.

"आता काहीच गळत नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं." पण त्यांचा चेहरा पडला होता.

अप्पा गाडीचं दार उघडून तसेच उभे राहिले. "येताना क्लच जरा सरकत होता," ते म्हणाले. "अशी गाडी अंधारात काढणं बरोबर नाही."

गाडी बाबूनं चालवली होती. क्लचला काहीही झालं नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं आपली पिशवी गाडीतून काढून पुन्हा ओट्यावर ठेवली.

बाबूनं बॉनेट उघडलं. क्लच तिथून दिसत नाही हे त्याला आता माहीत झालं होतं. तरी तो कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे गंभीरपणे पाहत राहिला आणि आत चहाचं पातेलं चढल्याचा आवाज आला तेव्हाच त्यानं बॉनेट लावलं.