शिट्टीचा पंचनामा

ज्याला मार बसला असेल त्याने आधी आपला व्यवसाय सांगावा, असा त्या पोलिस ठाण्याचा दंडक होता. तो अन्याय्य आहे असे म्हणण्याची सोय नव्हती, कारण तो छापील होता. तक्रार-अर्जात व्यवसाय सातव्या रकान्यात येई आणि इजा नवव्या. तेव्हा सातवा ओलांडण्यापूर्वी दुखणे नियमाला धरून नव्हते.

थोरलीचे मनगट मात्र नियमबाह्य ठणकत होते. ते परवा दुपारी एका गिऱ्हाइकाने पिरगाळून मोडले होते, आणि जाताना तो दारातून बजावून गेला होता, "गुरुवारी येतो. उरलेलं तेव्हा." आज बुधवार होता. गुरुवारपूर्वी कोणीतरी गणवेशातल्या माणसाने त्याला ‘येऊ नकोस’ म्हणावे, एवढेच थोरलीचे मागणे होते. साक्षीला धाकटी आली होती. दोघी बहिणी नव्हत्या. लागून असलेल्या दोन खोल्यांनी त्यांना तसे केले होते. दोघींचे काम एकच. कायद्याने तो गुन्हा होता, आणि गिऱ्हाइकांनी तो तसा कधी भासू दिला नव्हता.

हवालदार दुष्ट नव्हता. दुष्टाशी निदान भांडता येते; हा नीटनेटका होता.

"व्यवसाय?"

"साहेब, हात मोडलाय तो माझा. धंद्याचा नाही."

"हात नवव्यात येतो, बाई. आपण अजून सातव्यात आहोत."

थोरलीने खरे ते सांगितले. हवालदाराने पेन खाली ठेवले. "हे लिहिलं तर तुम्हीच आरोपी."

"मग शिवणकाम लिहा."

"खोटी माहिती दिली म्हणून वेगळं कलम."

"मग कोरा सोडा."

"कोरा सोडला तर वरून शेरा येतो. तो मला येतो."

"आणि मारणाऱ्याचा व्यवसाय?" धाकटीने मधेच तोंड घातले. "तो कुठल्या रकान्यात?"

"त्याला रकाना नाही. उगाच माणसाची बदनामी होते."

अखेर हवालदाराने सातव्यात ‘खरा’ असे लिहिले आणि तो प्रश्न हातावेगळा केला. पण घटनास्थळाचे वर्णन निघाले, आणि प्रकरणाला पाय फुटले. वाचवायला कोण आले, असे विचारता धाकटी छाती काढून म्हणाली, "मी! हिची शिट्टी ऐकली आणि बादली घेऊन धावले. डोक्यातच घातली त्याच्या."

"म्हणजे तुम्ही दोघी एकाच छताखाली राहता."

"मग काय पत्र्यावर राहू?"

"दोघी म्हणजे अड्डा. अड्डा चालवतं कोण?"

"कोणीच नाही."

"म्हणजे दोघी," हवालदाराने लिहून घेतले. मग स्वर मऊ करून तो थोरलीला म्हणाला, "बाई, कायदा तुमच्या भल्यासाठीच आहे. एकटीनं राहावं."

"एकटी राहिले तर धावून येईल कोण?"

"कायदा."

"आणि तो किती वाजता येतो?"

"तक्रार नोंदवल्यावर."

धाकटीला ठशासाठी आतल्या खोलीत धाडण्यात आले, आणि आता शिट्टीची पाळी आली. ती थोरलीच्या गळ्यात काळ्या गोफात होती. खेळाच्या मैदानावर वाजवतात तसली, पत्र्याची. हवालदाराने ती दोन बोटांत उचलून नोंद केली : पोलिसांच्या आगमनाचा इशारा देण्याचे साधन, नग एक.

"अहो, पोलिस आल्यावर कशाला वाजवू?" थोरली म्हणाली. "आजवर आलेत कधी?"

जप्ती म्हटली की पंचनामा, आणि पंचनामा म्हटला की दोन सभ्य पंच. पहिला बाकावरच सापडला. परदेशातल्या मुलाकडे जाण्यासाठी चारित्र्याचा दाखला न्यायला आलेले एक पेन्शनर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला व मजकूर दोनदा वाचला.

"इथं ‘चालू स्थितीत’ लिहिलंय. ऐकल्याशिवाय मी सही करायचा नाही. नोकरीत कधी केली नाही."

मुद्दा बिनतोड होता. हवालदाराने शिट्टी रुमालाने पुसून तोंडाला लावली आणि फुंकली.

ठाण्यात त्या वेळी अकरा पोलिस हजर होते. टंकयंत्र थांबले नाही. एकाने चहाचा घोट घेतला. दारावरच्या पहारेकऱ्याने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मात्र आतल्या खोलीत आरोपी म्हणून अंगठ्याचा ठसा देत असलेली धाकटी स्टूल उलथून, शाईचा अंगठा तसाच घेऊन धावत आली आणि दोन्ही हात पसरून थोरलीच्या पुढे उभी राहिली.

"कुठंय तो? कुठंय?"

"अगं, कोणी नाही," थोरली म्हणाली. "साहेब वाजवून बघतायत."

हवालदाराने समाधानाने लिहिले : शिट्टी वाजताच सहआरोपी तत्काळ हजर. टोळीतील परस्परसंबंध सिद्ध.

पेन्शनर गृहस्थांनी सही केली. मग मोडलेल्या मनगटाकडे कळवळून पाहिले, आणि आपला दाखला आज मिळेल का, असे विचारले.

शिट्टी पाकिटात गेली, पाकिटावर लाख पडली. धाकटीने आज संध्याकाळपर्यंत खोली सोडावी, असे हमीपत्र लिहून घेण्यात आले.

"आणि उद्या, साहेब?" थोरलीने विचारले. "तो येणार आहे."

"आला तर लगेच या. मारलं तर हाच अर्ज. त्याहून जास्त झालं तर फॉर्म वेगळा आहे." त्याने धीर दिला, "त्यात व्यवसाय विचारत नाहीत."

"चल गं ताई," धाकटी म्हणाली.

"थांब. साहेब, पंचनामा पुरा झालाय का?"

हवालदाराने कागद उलटा करून पाहिला. दुसऱ्या पंचाची जागा कोरी होती. त्या सहीवाचून जप्ती टिकणार नव्हती आणि शिट्टी परत द्यावी लागणार होती. नियम तोही छापीलच होता. थोरली बाकावर बसून राहिली. गळ्यातल्या रिकाम्या गोफाशी तिची बोटे चाळा करीत होती.

पंचाची पात्रता अशी आहे : तो सभ्य असावा, प्रकरणाशी त्याचा काही संबंध नसावा, त्याने सारे अथपासून इतिपर्यंत पाहिलेले असावे, शिट्टी त्याच्या कानी गेलेली असावी, आणि तरीही तो बसल्या जागेवरून उठलेला नसावा.

आपण इथपर्यंत वाचत आलाच आहात. पेन मेजाला दोरीने बांधलेले आहे.