तूरडाळीची टेकडीवर चढाई

"आज चहाच्या आधी टेकडी माझी!" रविवारी दुपारी लातूरच्या संगमेशनं जाहीर केलं आणि फासे असे खुळखुळवले, की टेकडी जणू स्वतःच दाराशी येऊन पाया पडणार होती!

टेकडी होती टेबलावर. त्यानं मागवलेल्या युद्धाच्या खेळात एकानं टेकडी राखायची, दुसऱ्यानं पायदळ घेऊन चढायचं. राखायला शाळेपासूनचा मित्र उमाशंकर. आणि संगमेश आजवर एकदाही माथ्यावर पोचला नव्हता! शेवटी उमाशंकरनं पैज लावली: आज जिंकेल त्याच्या घरी खेळ कायमचा. संगमेशचा तर सगळा जीव त्या खेळात. हरून चालणारच नव्हतं!

खोक्यातले पुठ्ठ्याचे सैनिक पंख्याच्या वाऱ्यानं उडायचे, आणि लातुरात मे महिन्यात पंखा बंद करायची हिंमत कुठल्या सेनापतीत आहे? पण संगमेशचं घराखालीच डाळीचं दुकान. त्यानं तिथूनच भरती केली. तूरडाळ त्याची, सालीची काळी उडीदडाळ उमाशंकरची. नकाशाखाली गोधडी घड्या करून सारली, की टेकडी तयार.

आज फासेही संगमेशचे गुलाम झाले होते.

"सात मेले!" तो गच्ची हादरेल असा ओरडला. "चारच उरले!"

"माथा अजून माझाच हाय!"

"हाय, पण किती वेळ?"

तूरडाळ थेट खंदकात घुसली. पिवळं-काळं एकमेकांत मिसळलं. हातघाई! आता एकच फासा... आणि खालून ट्रकचा हॉर्न कोकलला. उमाशंकरची स्कूटी दुकानासमोर आडवी!

"जा, काढून ये," संगमेश म्हणाला.

"आन तू हितं एकटा? न्हाई बाबा, दोघंबी जाऊ!"

इकडे "सात मेले" ऐकून संगमेशची आई गुरम्मा मागच्या जिन्यानं धापा टाकत वर आली. मेलेलं कुणी दिसेना. दिसली ती मिसळलेली डाळ! तिचं सगळं आयुष्य डाळीच्या घरात गेलेलं. मिसळलेली डाळ बघून तशीच पुढं जाणं तिला या जन्मी जमणार नव्हतं. तिनं चष्मा चढवला आणि बसली निवडायला.

दोघं परतले, तो रणांगण साफ! पायथ्याशी उडदाचा ढीग, माथ्यावर तुरीचा.

"आई! हे काय केलंस गं?"

"निवडून ठेवली. आसं मिसळतेत का रे? किडकी तेवढी टाकून दिली."

"काकू, माझ्यात एक बी किडका नव्हता!" उमाशंकर कळवळला.

पण संगमेशची नजर माथ्यावर गेली आणि तो टुणकन उडाला. "माथ्यावर तूर! उम्या, जिंकलो की रे!"

"तू कुठं चढलास? काकू, तूर वर कुणी नेली?"

"मीच की. उडीद खाली सारला, तूर वर ठेवली."

उमाशंकरनं ताठ उभं राहून सलाम ठोकला. "टेकडी काकूंनी घेतली. एक माणूस न गमावता! पैजेप्रमाणं खेळ काकूंचा."

संगमेशला आनंदानं भरून आलं. म्हणजे खेळ घरातच राहणार! त्यानं स्वतःच्या हातानं खोकं आईला दिलं.

गुरम्मानं ते उलटंपालटं करून बघितलं, ठोकून बघितलं आणि आतलं सगळं टेबलावर ओतलं.

"खोकं लई मजबूत हाय, पापडाला व्हईल. ह्यो बाकीचा पसारा मला घरात नको. उमाशंकर, जाताना तूच घेऊन जा बाबा."

आणि काकूंचा शब्द उमाशंकरनं आजवर कधी मोडला नव्हता!