भिमाजीचा डोळा आणि काकासाहेबांची भिंत

सोनईचा भिमाजी गवंडी ओळंबा कधीच वापरत नसे. दोरीला वजन टांगून भिंत सरळ आहे का बघायचं, ही कच्च्या गवंड्यांची कामं! "माझ्या डोळ्यातच ओळंबा हाय!" असं तो ज्याला त्याला सांगायचा.

आणि त्याच्याच बारा वर्षांच्या पोरीचा, राहीचा परकर एका बाजूनं अंगण झाडायला लागला!

"पोरीला नाडी नीट बांधायला शिकव!" तो बायकोवर खेकसला.

"आवो, नाडी नीटच हाय. तिचा एक खांदाच वर दिसतोय मला," झुंबरबाई म्हणाली.

"माझी पोर उसावानी सरळ हाय!"

म्हणजे चूक शिंप्याची! लढाईमुळं कापड रेशनवर, आणि तेही तिरकं कापलं म्हणून भिमाजी भर बाजारात कानिफनाथ शिंप्याशी भांडला. बिचाऱ्यानं परकर उसवून पुन्हा शिवला. काठ तिरका तो तिरकाच!

एके दुपारी राही भाकरी घेऊन कामावर आली आणि भिमाजी बांधत असलेल्या भिंतीच्या कडेला पाठमोरी उभी राहिली. घरमालक काकासाहेबांनी डोळे बारीक केले.

"भिमाजी, पोर न् भिंत काय जुळंना. दोघांतलं एक कललंय बघ."

पोर तर सरळ! म्हणजे भिंत! भिमाजीनं पहार उचलली. "आरं, आदी ओळंबा तरी लाव!" असं काकासाहेब म्हणेपर्यंत अर्धी भिंत खाली! उरलेल्या अर्धीला त्यांनी स्वतःच ओळंबा लावला. भिंत अगदी सुतात होती.

सगळे राहीकडं बघायला लागले.

भिमाजीनं तिच्या मानेच्या मणक्यावर ओळंब्याची दोरी धरली. ती पाठीच्या मधोमध उतरायचं सोडून एका अंगाला गेली. राहीला पुढं वाकवलं, तर पाठीची उजवी बाजू वर उचललेली.

"दुखतंय का गं?"

"न्हाई की! कायबी न्हाई."

दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस मोटारीनं तिघं नगरला गेली.

"कणा थोडा वळतोय," डॉक्टर म्हणाले. "यात कुणाची चूक नाही. दुखत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही वेळेत आणलंत. आता वाढ पुरी होईपर्यंत दाखवत राहा."

भिमाजीचा जीव भांड्यात पडला.

"पण इतक्या लवकर कुणाच्या लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

भिमाजीनं पटका सावरला, घसा खाकरला...

"सांगत मी हुते," झुंबरबाई मधेच म्हणाली, "पन ह्यांनी ऐकलं भिंतीचं. त्येबी तिला पाडून!"