थोरलीस टर्बो चढविल्याची हकीकत

स्वस्ति. पूर्वी मोठमोठ्या फौजा निघाल्या, राज्ये बुडाली आणि नवी उभी राहिली, त्यांच्या हकीकती थोरांनी लिहून ठेविल्या. परंतु एका घरची जुनी मोटार भंगारात जाण्यापासून कैसी वाचली, हे कोणी लिहिले नाही, म्हणोन आम्ही लेखणी उचलिली. यात अतिशयोक्ती नाही. साक्षीदार पुष्कळ होते, आणि त्यांतील बहुतेकांचे हात अद्याप काळे आहेत.

या मोहिमेचे सरलष्कर म्हणजे चष्म्यांच्या दुकानाचे धनी, लोकी त्यांस 'सरकार' म्हणत, आणि ते त्यास ना म्हणत नसत. उमर बावन्न, कंबरही सुमारे तितकीच. मोटारीविषयी ज्ञान अफाट, कारण ते कधी वापरून झिजविलेले नव्हते. त्यांचे कुटुंब बाईसाहेब, शिवणकामात अव्वल. वीस वर्षे शिलाई मशीनच्या पायडलावर पाय ठेवून त्यांनी साऱ्या गल्लीस कपडे चढविले होते आणि तोंडातून फारसा शब्द काढिला नव्हता. बाईसाहेबांचे वडील तीर्थरूप आप्पा, ऐंशीच्या घरात, आपले पुत्र श्यालकराव यांजपाशी राहात. आणि आप्पांच्या शेडमध्ये ती मोटार उभी असे, सहा सिलिंडरांची, लांबलचक नाकाची. पोटच्या दोन्ही लेकरांच्या आधी घरात आली, सबब तिचे नाव थोरली.

ऐसियास, एके रविवारी दुपारी अवघे कुटुंब श्यालकरावांकडे जेवावयास जमले. श्यालकरावांनी नुकतीच विजेवर चालणारी मोटार आणिली होती. तीस ना धूर, ना आवाज, ना गिअर. गल्लीतील लोक तीस बिनआवाजी म्हणत. ती बाहेर उन्हात उभी राहते आणि शेडमध्ये गंज नांदतो, हे त्यांच्या मनास खुपत होते. मग ताटावरच त्यांनी जाहीर केले की, पुढील महिन्याअखेर भंगारवाला बोलाविला आहे, आणि शेडमध्ये चार्जर बसेल.

बाईसाहेबांचा घास हातात राहिला. आप्पांनी पाण्याचा पेला दोनदा उचलोन दोनदा न पिता ठेविला.

बाईसाहेब म्हणाल्या, "मला दे ना. मी नेते."

"ताई, नेऊन करणार काय? ती गाडी नाही राहिली, गंजाचं दुकान आहे ते. माझी गाडी पोचून चार्ज होईपर्यंत ही पहिल्या वळणावर धापा टाकत असेल."

या बोलाने सरकारांचे रक्त उसळले. वास्तविक अपमान सरकारांचा नव्हता, परंतु कोठे अपमान होत असता आपण रिकामे बसावे हे त्यांस साहवत नसे. ते पाटावरून उठावे तैसे खुर्चीवरून उठले आणि त्यांनी भर पंक्तीत पण केला की, जुन्या धावपट्टीवर रविवारी सकाळी शर्यती होतात, तेथे महिन्याभरात थोरलीस टर्बो चढवून बिनआवाजीसमोर उतरवू. ती हरली तर भंगारात जाईल, जिंकली तर ताईच्या नावावर होईल. श्यालकराव हसले. आप्पांनी मान हलविली, आणि त्यावरून करार मुक्रर जाहला. बाईसाहेबांनी आपल्या धन्याकडे ऐसे पाहिले की, त्या दृष्टीचा नंबर सरकारांस आपल्या दुकानातील कोणत्याही यंत्राने काढिता आला नसता.

मग थोरलीस दोर बांधोन गॅरेजात आणिली. तेथील मिस्त्री दिवसाकाठी चार शब्दांहून अधिक बोलत नसत, म्हणोन त्यांस मौनीबुवा हा किताब होता. त्यांनी बॉनेट उघडिले, आत डोके घालून घटकाभर पाहिले आणि म्हणाले, "लोखंड चांगलंय." दोन शब्द त्या दिवसापुरते शिल्लक राहिले.

टर्बो म्हणजे काय, हे वाचणारांस ठाऊक असावे म्हणोन लिहितो. इंजिन जो धूर मागे फेकून देते, त्यासच वेठीस धरोन त्याकडून एक चक्र फिरविणे, आणि त्या चक्राने दुसरे चक्र फिरवून इंजिनात हवा कोंबणे. हवा अधिक तर पेट्रोल अधिक जळते, आणि पेट्रोल अधिक जळले तर जोर अधिक. धुरास कामाला लावण्याची ही युक्ती ज्याने काढिली, त्याच्या घरी बहुधा निरुद्योगी नातलग फार असावेत.

मौनीबुवांनी एका मोडीत निघालेल्या मालट्रकाचा टर्बो पैदा केला, आणि तो धुऊन-पुसून, बेअरिंगे बदलून सिद्ध केला. मग धुराचे जुने नळ कापिले, नवे जोडिले, तेलाची नळी ओढिली, आणि कोंबलेली हवा निववावी म्हणोन नाकापुढे जाळी बसविली. बाईसाहेब रोज सकाळी दोन तास आपले शिलाईचे दुकान बंद ठेवून येत, आणि नट धुणे, रबरी नळ्या कातरणे, पट्ट्या आवळणे ऐसी कामे करीत. सरकारही रोज येत. ते स्टुलावर बसोन मसलत देत.

तीन आठवडे ऐसे लोटले आणि इंजिन सुरू जाहले. आरंभी खोकले, मग गुरगुरले, आणि मग त्या गुरगुरीवर एक बारीक शिटी चढली. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. सरकारांनी ते धुरामुळे आले ऐसे ठरविले. मौनीबुवांनी हवेचा दाब बेताचा बांधोन दिला, त्याचा स्क्रू कोठे आहे ते दाखविले, आणि "हात नाही लावायचा" एवढे बोलोन चहास गेले.

आता सेनापतीच्या मनात एक विचार आला. थोड्या दाबाने एवढा जोर, तर दुप्पट दाबाने दुप्पट होईल, हे त्रैराशिक त्यांस शाळेपासून येत होते. मग त्यांनी इकडे-तिकडे पाहून तो स्क्रू तीन फेरे आवळिला, आणि स्टुलावर येऊन बसले. बाईसाहेबांनी चाचणीसाठी थोरली मागल्या रिकाम्या रस्त्यावर काढिली. दुसऱ्या गिअरात पाय दाबिला मात्र, बॉनेटखालून तोफ सुटावी तैसा बार जाहला, पांढरी वाफ उठली, आणि थोरली रस्त्याच्या मधोमध बसली.

मौनीबुवांनी येऊन बॉनेट उघडिले. इंजिनाचे डोके आणि धड यांमध्ये असते ती गॅस्केट फुटली होती. त्यांनी स्क्रू पाहिला आणि विचारिले, "कोणी?"

सरकार आभाळाकडे पाहू लागले.

"अहो," बाईसाहेब म्हणाल्या, "खरं सांगा, हात लावला होता?"

"जरासा."

"जरासा म्हणजे?"

"तीन फेरे. पण अगं, हिशोबाने बघितलंस तर—"

"आठ दिवस राहिलेत. आप्पा रोज फोन करून एकच विचारतात, सुरू झाली का. त्यांना आता काय सांगू? तुमचा हिशोब?"

खरे लिहावे तर ते समयी सरकारांचा चेहरा एवढासा जाहला, आणि त्यांस खरोखर वाईट वाटले. त्या दिवशी त्यांनी प्रथमच बाही सरसावून वीस बोल्ट खोलिले. त्यांतील दोन उलटे फिरविले, परंतु हेतू शुद्ध होता.

एवढ्या जुन्या इंजिनाची गॅस्केट कोठेही मिळेना. जी मिळाली ती कागदी, टर्बोचा दाब न सोसणारी. मौनीबुवांनी तांब्याचा पत्रा पुढे ठेविला आणि नकारार्थी मान हलविली. भोके शेकड्याने, मोठी, बारीक, वाकडी. एक चुकले तर पाणी तेलात आणि तेल पाण्यात. बाईसाहेबांनी पत्र्याकडे पाहिले, इंजिनाकडे पाहिले आणि विचारिले, "कागद आहे का मोठा?" मग ब्लाउजाचे बेतावे तैसे इंजिनाचे माप बेतिले. खडूने खुणा केल्या, टाचण्या लाविल्या, प्रत्येक भोकाचे अंतर टेपाने दोनदा मोजिले, आणि कागद पत्र्यावर पसरून गिरविला. मौनीबुवांनी त्याबरहुकूम कापिले. पत्रा इंजिनावर ठेविला तो पहिल्याच खेपेस सारे बोल्ट सरळ उतरले. मौनीबुवा म्हणाले, "बाई, दुकान बदला." हा त्यांचा जन्मातील सर्वांत लांब गौरव होय.

पुढे वजन घटविण्याची मोहीम. मागली बाके काढिली, जादा चाक काढिले, गालिचे, रेडिओ, हीटर, दारांची अस्तरे काढिली, डाव्या बाजूची खुर्चीही काढिली. तरी काटा मनाजोगा उतरेना. सरकार चालकाच्या जागी बसोन विचारीत होते की, आता आणिक काय काढावे. मौनीबुवांनी बोटाने दाखविले. सरकारांनी मागे वळोन पाहिले; मागे काही नव्हते. बोट तैसेच राहिले. तेव्हा प्रकाश पडला.

"मी? पण मग चालवणार कोण?"

बाईसाहेब पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी फक्त हात पुढे केला, आणि सरकारांनी किल्ली त्या हातावर ठेविली. यास इतिहासात सत्तांतर म्हणतात. दोघांच्या वजनांत फरक बेचाळीस किलोंचा, तो एका क्षणात वाचला.

मग तो रविवार उगवला. बंद पडलेली धावपट्टी, दुतर्फा लोक, मध्ये दोन पांढऱ्या रेघा आणि पुढे पाव मैल सरळ डांबर. आप्पा घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात. एकीकडे बिनआवाजी चकाकत उभी, आत श्यालकराव गारव्यात बसलेले. दुसरीकडे थोरली धूर ओकीत, थरथरत. श्यालकरावांनी काच खाली करोन म्हटले, "ताई, जपून हां. खरंच." आणि ते मनापासून म्हटले, हेही नमूद करणे भाग आहे.

खांबावरचे दिवे एकामागून एक उतरले आणि हिरवा लागला. बाईसाहेबांनी क्लच सोडिला. रेशमावर पहिला टाका घालावा तैसा पाय, ना अधिक ना उणा. चाक घसरले नाही, इंजिन गुदमरले नाही, आणि थोरली निघाली. परंतु विजेस वेळ लागत नाही. बिनआवाजी बाण सुटावा तैसी गेली आणि शंभर पावलांत दोन मोटारींचे अंतर पाडिले. लोक हळहळले. सरकारांनी डोळे मिटले. टर्बोची जात ही ऐसीच. घरच्या जावयाप्रमाणे तो हाकेसरशी येत नाही, आणि आला म्हणजे घर डोक्यावर घेतो.

दुसरा गिअर, काही नाही. तिसरा गिअर, आणि मग ती शिटी चढली. ती बारीक होती ती तीव्र जाहली, थोरलीने लांब नाक वर उचलिले, आणि अंतर दोन मोटारींचे एक जाहले, एकाचे अर्धे जाहले. श्यालकरावांनी आरशात पाहिले, तो आरशात थोरली नव्हती; ती शेजारी होती. शेवटची रेघ ओलांडिली तेव्हा थोरली अर्धे बॉनेट पुढे होती.

आप्पा खुर्चीवरून कोणाचा हात न धरिता उठले. बाईसाहेब उतरल्या. आप्पांनी पोरीच्या गालावरचे काजळ अंगठ्याने पुसले आणि म्हणाले, "तिसरा जरा उशिरा टाकलास."

"हो आप्पा."

"पण छान चालवलीस गं." मग त्यांनी थोरलीच्या टपावर हात ठेविला. "मला ने ना घरी, हिच्यातून."

मौनीबुवांनी, कोणी न सांगता, डावी खुर्ची परत बसविली. बापलेक लांबच्या रस्त्याने गेली. सरकारांस जागा उरली नाही, सबब विजयी सेनापती पराभूताच्या मोटारीतून घरी आले. वाटेत श्यालकरावांनी हळूच विचारिले, "भाऊजी, तो टर्बो माझ्या गाडीला बसेल का हो?"

सरकार म्हणाले, "बसवू की! त्यात काय एवढं?"

मिती रविवार, ऊन कोवळे, वारा आडवा. पाव मैलास थोरलीस चौदा सेकंद आणि वर एक दशांश लागले, बिनआवाजीस त्याहून दोन शतांश अधिक. इंजिन जुने, टर्बो मालट्रकाचा, गॅस्केट तांब्याची, चालक बाईसाहेब. शेडचा कब्जा थोरलीकडे कायम. येणेप्रमाणे फत्ते जाहली ती यथातथ्य नोंदविली. सरकारांनी आपलेही नाव या जागी ठळक घालावे ऐसे फर्माविले आहे, परंतु कागद येथे संपला.