कंडक्टर कोरसमध्ये

प्रयोगाच्या दिवशी सकाळी कोरसमधल्या एका म्हाताऱ्याचा पाय मुरगळला आणि सुनेनं त्याच्या जागी सरळ सासऱ्याला धरलं. सासरा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर आणि सून म्हणजे त्याच्या लेकीची बायको. दोघींनी लग्न केलं तेव्हा हिला जावई म्हणावं की सून, यावर कंडक्टरनं बरंच डोकं खाजवलं होतं. जावयाचे नखरे सोसावे लागतात, सुनेशी निदान भांडता येतं, म्हणून त्यानं सून ठरवलं. तेव्हापासून भेटेल त्याला तो छाती फुगवून सांगायचा, सून नाटकं बसवते, आणि लेक मनोविश्लेषक, लोक तिच्या कोचावर आडवे पडून मन मोकळं करतात.

नाटक सुनेनंच लिहिलेलं, जुन्या ग्रीक शोकांतिकांच्या चालीवर. एक राणी दारात आलेल्या भिकारणीला हाकलून देते, आणि ती निघते तिच्याच पोटची पोर. कोरस म्हणजे कडेला उभे राहणारे गावचे म्हातारे. त्यांना सगळं ठाऊक असतं, पण काम फक्त हळहळण्याचं.

"मधे पडायचं नाही, बाबा," सुनेनं दहादा बजावलं. "ठाऊक असून गप्प राहणं, हीच तर शोकांतिका."

कंडक्टरला हे काही झेपेना. चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसाला पुढच्या स्टॉपवर उतरवण्यात त्याचा जन्म गेलेला. लेक म्हणाली, दुसऱ्याची चूक तुम्हाला बघवत नाही, याचं मूळ तुमच्या लहानपणात शोधायला हवं. तो म्हणाला, मूळ सापडेपर्यंत बस डेपोत जाईल.

त्यात विहीणबाई आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं. पेपरात तिचा फोटो बघून आल्या खऱ्या, पण बसल्या कडेच्या खुर्चीवर, मधेच उठून जाता येईल अशा. सुनेनं त्यांना विंगेतून पाहिलं. आज नाटक पडलं तर आई पुन्हा कधी येणार नाही, एवढंच ती घोकत होती.

राणीनं हुकूम सोडला. भिकारीण पायऱ्या उतरायला लागली. कोरस हळहळला. कंडक्टरही एकदा हळहळला, दोनदा हळहळला. मग रांग सोडून तो पुढे झाला आणि भरल्या बसमध्ये मागपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाला, "ओ बाई, थांबवा तिला. पोरगी तुमचीच आहे. नीट बघा तरी."

राणी पुढचं वाक्य विसरली. भिकारीण एक पाय अधांतरी ठेवून थांबली. शेजारच्या म्हाताऱ्यानं कंडक्टरला मागे ओढायला त्याच्या शालीला हात घातला, तर शाल निघाली आणि शालीबरोबर चिकटवलेली अर्धी दाढीही. शोकांतिकेला लोक खो खो हसले. विंगेत सुनेनं कपाळाला हात लावला. लोकांचं तासन्‌तास ऐकून घेणाऱ्या लेकीनं पहिल्या रांगेत कानात बोटं घातली.

आणि विहीणबाई उठल्या. सुनेला वाटलं, निघाल्या. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मला दिसतंय," त्या थेट कंडक्टरकडे बघून म्हणाल्या. "मी काही आंधळी नाही. आणि चारचौघांत मला शिकवू नका."

कंडक्टर बिचारा राणीशी बोलत होता. पण माणूस आपणहून योग्य स्टॉपवर उतरतोय म्हटल्यावर त्याला अडवायचं कशाला?

"मग हाक मारा की," तो म्हणाला.

विहीणबाई विंगेकडे वळल्या. "चिमे," त्यांनी हाक मारली, "ये बाहेर."

सगळ्या नटांना धाकात ठेवणारी चिमी चपला विसरून रंगमंचावर धावत आली. पब्लिकला वाटलं, शेवट असाच बसवलाय. टाळ्या काही थांबेनात.

बाहेर एक चष्मेवाले समीक्षक विचारत आले, इतका धाडसी शेवट कुणाला सुचला? अर्धी दाढी लोंबत असलेला कंडक्टर ऐटीत पुढे झाला. "माझी सून आहे ती."

"सून तुमची काल-परवाची," विहीणबाई मधे घुसल्या. "मुलगी माझी आहे."

कंडक्टरनं उभ्या आयुष्यात एकही वाद सोडला नव्हता. हा मात्र त्यानं तिथल्या तिथे, हसत हसत हरून टाकला.